बाप असताना गेलेली मिशी

आमच्या मालकांना काळजी करायला कारण लागत नाही. बस उशिरा आली तर काळजी, वेळेवर आली तर आज वेळेवर कशी काय आली म्हणून काळजी. लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी परसातल्या आंब्याला मोहोर लई आलता. मला वाटलं, नवी नवरी आली, घरात आनंद आहे. मालक मला हळूच विचारतात कसं, एवढा मोहोर आलाय, झाड जायाला तर लागलं नसेल? तेव्हाच मी ओळखलं, या माणसाबरोबरचा संसार म्हणजे रोज कसला तरी घोर.

त्यांचं नाव महादेव. बेळगावात वडगावला आम्ही राहतो. ते एका पतसंस्थेत कारकून, मधनंमधनं निपाणीच्या शाखेलाही जातात. मूळ गाव खानापूरच्या पलीकडं, नंदगडवरनं आत, रानाच्या कडेला. तिथं आमचं भात आणि आमचे आप्पा. आप्पा म्हणजे माझे सासरे, भावकू. सासूबाई गेल्यापासनं एकटेच राहतात. शेजारी चुलतदीर नागोजी आहेत म्हणून निभतं. बेळगावला या म्हटलं की म्हणायचे, तुमच्या घरात पाय पसरला तर भिंतीला लागतोय.

मालक अंगानं किरकोळ, आवाजानं बारीक, पण मिशी भरघोस. ती मिशी त्यांची हौस नाही, तो आप्पांचा मान. आमच्याकडं बाप जिवंत असलेला माणूस मिशी काढत नाही. बाप गेला की काढायची, कार्य झालं की परत वाढवायची. त्यामुळं गावात मिशीवाल्याचा ओठ एकदम कोरा दिसला तर कुणी काही विचारत नाही. विचारायचं काय त्यात? माणसं जवळ येतात, हात धरतात आणि खाली मान घालून उभी राहतात. आता शहरातली पोरं हे मानत नाहीत. आमचा सौरव कॉलेजात असताना एकदा तुळतुळीत ओठ करून घरी आला. मालकांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मी जिवंत हाय न्हवं रं अजून?" पोरगं हसलं, ह्यांना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दाढीचं सामान घ्यायचं ते खडेबाजारात मष्णूच्या दुकानात. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली फट. त्यात मष्णू स्टुलावर बसलेला, डोक्यापर्यंत डबे. ब्लेडची कागदी पाकिटं, दाढीचे गोल साबण, तुरटीचे खडे, ब्रश. मालक ब्रश घ्यायला गेले की मी तिकडं गणपत गल्लीतनं सगळा बाजार करून परत यायची, तरी ह्यांचं चाललेलं असायचं. मष्णू तांब्यातलं पाणी द्यायचा, हे ब्रश भिजवणार, हाताच्या मागल्या बाजूवर फिरवणार, मग गालावर, मग केस ओढून बघणार. मष्णू कधी वैतागला नाही. मीच वैतागायची. अहो ब्रश घेताय का जावई बघताय, असं मी भर बाजारात म्हणायची. मष्णू हसायचा आणि विचारायचा, आप्पा बरे हायत न्हवं? मग आप्पांची वेगळी पुडी बांधायचा. गावाला जाताना मालक दुसरं काही विसरतील, ती पुडी नाही.

आप्पा आपली दाढी आपणच करायचे. सोप्यातल्या खांबाला खिळा, खिळ्याला आरसा, खाली पितळेच्या वाटीत पाणी. मालक जन्मले त्या साली खानापूरच्या बाजारात घेतलेला रेझर. आप्पा दाढी करताना घरात कुणी बोलायचं नाही, असा नियमच होता. आजारी माणसाची आणि मेलेल्या माणसाची दाढी दुसरा करतो, असं ते म्हणायचे.

मागच्या पावसाळ्यानंतर मष्णूचं दुकान बंद दिसायला लागलं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, शेजारचा सांगायचा, येईल आता. मालक जाता येता बघायचे, शटर खालीच. तेवढ्यात ह्यांच्या स्वतःच्या रेझरचा आटा गेला. दांडा फिरवला की नुसता फिरतोय, ब्लेड काही धरत नाही. झालं, स्वतःला रेझर आणि आप्पांना ब्लेड, ह्यांना धंदाच मिळाला. बेळगावचा बाजार पालथा घातला. कुठं गेलं तरी प्लास्टिकचे वापरून टाकायचे रेझर पुढं करायचे, नाहीतर ते तीन तीन पात्यांचे झुलते. एका दुकानदारानं तर मान वर न करताच कन्नडमधनं इल्ल री, नाही म्हणून सांगितलं. निपाणीला गेले तेव्हा स्टँडापासनं बाजारापर्यंत विचारत हिंडले. तंबाखू हवी तेवढी मिळेल, विडीचं पान मिळेल, पण आप्पांच्या रेझरला बसणारं ब्लेड मिळालं ते गंजकं, पाकिटाचा कागद पिवळा पडलेला. ते ह्यांनी घेतलं नाही. धनुर्वात होईल म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात नागोजींचा फोन आला. आप्पांच्या पोटात कळ आली, उलट्या थांबेनात. भाड्याची गाडी करून त्यांना तसंच बेळगावला आणलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आले, काही म्हणजे काही बरोबर नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हाला आत बोलावलं. आतड्यात गाठ आहे, काढावी लागेल, वय बघता धोका आहे, पण नाही काढली तर जास्त धोका आहे. मालक ऐकत होते आणि त्यांचा हात नुसता मिशीवरनं फिरत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जया, त्यांनी धोका ह्यो शब्द किती येळा म्हटला?" मी म्हटलं, मी मोजला नाही. मला पण भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण एका घरात दोघांनी घाबरायचं म्हणजे चूल कुणी पेटवायची?

आप्पांना मात्र वेगळीच पडली होती. दाढी वाढली होती. गालावरनं हात फिरवायचे आणि तोंड वाकडं करायचे. वॉर्डातल्या माणसानं ऑपरेशनसाठी पोटावरचे केस काढले ते काढू दिले. पण तो तोंडाला हात लावायला आला तसा आप्पांनी त्याचा हातच धरला. दाढी वाढवून मी टेबलावर जाणार नाही म्हणाले, आणि कुणा अनोळखी माणसाच्या हातनं करून घेणार नाही. माझा लेक करील. बरं, आजपर्यंत लेकाच्या हातनंही कधी करून घेतली नव्हती. म्हणजे आपलं काय खरं नाही हे त्यांनी मनात धरलं होतं. ते मला कळलं आणि मालकांनाही कळलं.

आता रेझर कुठला? सौरव बेंगळूरला नोकरीला. त्यानं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, पप्पा, तुम्ही अजून दुकानं कसली शोधताय, मी मागवतो. बसल्या जागी त्यानं मागवलं आणि आमच्या दारात खोकं आलं. आत खोकं, त्याच्या आत पुन्हा खोकं. रेझर चकचकीत, हातात घेतला की जड लागणारा, आणि ब्लेड दोन्ही बाजूंनी चांगलंच बाहेर डोकावणारं. परदेशी ब्लेडची रंगीत पाकिटं. ब्रश, डबीतला वासाचा साबण. सौरवनं व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवायला लावलं. लोकांनी लई चांगलं लिहिलंय ह्या रेझरबद्दल, म्हणाला. मालकांनी विचारलं, ते लिहिणाऱ्या लोकांतलं एकतरी तुझ्या ओळखीचं हाय काय? आणि ब्रश घेताना कुणी हातावर फिरवून बघितला? पोरानं कपाळावर हात मारला. ब्रश भिजवल्याबरोबर त्याचे केस मोरीत पडायला लागले, ते मी बघितलं, पण गप्प बसले. नाहीतर अजून एक विषय झाला असता.

पुढचं सगळं झालं ते मालकांच्या काळजीच्या स्वभावानं झालं, आणि त्या स्वभावाबद्दल मी त्यांना आजही काही बोलू शकत नाही. कारण त्यांनी काय विचार केला, तर हे नवीन पातं आप्पांच्या सैल पडलेल्या कातडीवर एकदम कसं फिरवायचं? आधी आपल्या गालावर बघू. कापलं तर आपलं कापू दे. मी तेव्हा दवाखान्यात आप्पांपाशी होते. हे घरी आरशापुढं उभे राहिले, साबण लावला, एक गाल केला. पातं असं सरसर गेलं की ह्यांना शहाराच आला. मग मिशीच्या खालची कड करायला घेतली, आणि नेमका तेवढ्यात बेसिनवर ठेवलेला फोन वाजला. फोन माझा होता. डॉक्टर राऊंडला येऊन गेले होते, ऑपरेशन उद्याच सकाळी घेतो म्हणाले, ते सांगायला मी फोन केला. पण माझं नाव फोनवर दिसल्याबरोबर ह्यांना वाटलं, आप्पांचं काहीतरी झालं. हात दचकला. एका झटक्यात डाव्या बाजूची मिशी अर्ध्याच्या वर गेली.

मला फोनवर मिशीचं कळू दिलं नाही. नुसतं बरं बरं म्हणाले. नंतर मला सांगितलं की त्यांनी ते केस बेसिनमधनं बोटानं गोळा केले. तसंच अर्ध्या मिशीनं जावं असंही मनात आलं. पण लोकांत जायचं, अर्धी ठेवून कसं जमणार? शेवटी उरलेलीही काढली. आणि आरशात बघून तिथंच खाली बसले. बाप उद्या टेबलावर जाणार आणि आज लेकानं मिशी काढली. हे म्हणजे आपणच आप्पांना निरोप दिला, असं त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

दवाखान्यात आले ते तोंडाला मास्क लावून. दवाखान्यात मास्क लावलेला माणूस बघून कोण काय विचारणार? मीही नाही विचारलं. डोळे लाल दिसले, मला वाटलं झोप नसेल. आप्पांनी त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, गावाला जा, रवळनाथाच्या देवळात गुरवाकडनं गाऱ्हाणं घालून घे, आणि संध्याकाळच्या आत ये. दाढी तेव्हा करू. मालकांच्या जिवावर आलं होतं ते मला दिसत होतं. पण आप्पांच्या शब्दाला ह्यांनी कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. निघाले.

खानापूरच्या स्टँडवर उतरले. घशाला कोरड पडलेली, म्हणून चहा घेतला. चहा काही मास्कातनं पिता येत नाही. मास्क हनुवटीवर ओढला, चहा प्यायला, परत वर घेतला. एवढंच. पण समोर आमच्या गावचा रवळू उभा होता. लाकडाच्या अड्ड्यावर हमाली करतो. त्यानं हाक मारायला हात वर केला आणि ह्यांचा ओठ बघून तसाच खाली घेतला. जवळ आला नाही, विचारलं नाही. त्यानं सरळ नागोजींना फोन केला की भावकूआप्पा गेले, म्हादूला स्टँडवर बघितलं, मिशी काढलीय.

मालक वडापच्या जीपनं गावाला पोचेपर्यंत तिकडं सगळं होऊन बसलं होतं. भावकीतल्या चुली विझवल्या होत्या. मयत गावाला आणतील म्हणून कुणी आधीच लाकडं आणून टाकली होती. आप्पांची धाकटी बहीण नागुबाई जवळच्याच गावात दिलेली, ती रडत पळत आली होती. आणि रडण्यात राग मिसळला होता. कारण मिशी गेली म्हणजे अग्नी देऊन झाला. म्हणजे ह्या पोरानं आप्पांना गावाला न आणता, कुणाला न कळवता, परस्पर बेळगावात उरकलं. ज्या माणसानं सगळा जन्म ह्या मातीत काढला त्याला ही माती मिळू दिली नाही. नागोजी तर दारात काठी घेऊन उभे होते म्हणे. मारायला नव्हे, पण हाताला काहीतरी धरायला पाहिजे होतं.

आणि आमच्या मालकांनी वडापमधनं उतरून काय बघितलं? आपल्या घरापुढं गाव जमलेला. बायका रडताहेत. अंगणात लाकडं पडलेली. त्यांच्या मोबाईलला तिथं रेंज नाही. त्यांना काय वाटणार? आपण बसमध्ये बसलो आणि मागं आप्पा गेले. दवाखान्यातनं गावाला फोन आला आणि आपल्यालाच कळलं नाही. तिथंच धुळीत बसले. बसल्या बसल्या त्यांनी नागोजींना विचारलं, "कवा गेलं?"

नागोजींचं टाळकंच सणकलं. म्हणाले, "ते तू सांगायचं का आमी?"

"मला कुणी न्हाय सांगितलं, दादा."

नागोजींनी पुढं होऊन मास्क ओढून काढला. सगळ्यांनी कोरा ओठ बघितला आणि बायकांचा हुंदका मोठा झाला. नागोजी म्हणाले, रवळूचा फोन आलता. मालकांना वाटलं, रवळूला दवाखान्यातनं कळलं असणार. आता सांगा, ह्यांना पुरावा गावाचं रडणं आणि गावाला पुरावा ह्यांचा कोरा ओठ. कुणी कुणाला विचारायचं? ते तिथं मातीत बसून रडत होते आणि माणसं त्यांच्याभोवती उभी राहून रडत होती, रागवत होती, पाठीवरनं हात फिरवत होती. नागोजी सांगतात, म्हादूला इतकं रडताना बघितलं तसा माझा राग गेला, मग मीही रडलो.

नागुबाईचा राग मात्र गेला नव्हता. तिला मला बोलायचं होतं. घरामागं चिंचेखाली रेंज येते, तिथं जाऊन तिनं मला फोन लावला. मी आप्पांचे हातपाय ओल्या फडक्यानं पुसत होते आणि आप्पा सलाईनला नावं ठेवत होते, नुसतं पाणी सोडतात म्हणून. फोन घेतला तर पलीकडनं रडणं.

"जया, माझ्या भावाचं तोंडबी दावलं न्हायसा गं शेवटचं."

मी म्हटलं, आत्या, कुठल्या भावाचं? तिला भाऊ एकच. तरी माझ्या तोंडातनं ते गेलं. समोर आप्पा डोळे मिचकावत माझ्याकडं बघताहेत, आणि फोनवर त्यांची बहीण त्यांच्यासाठी रडतेय. माझं डोकंच चालेना. आप्पांनी हात पुढं केला, म्हणजे कोण आहे, दे इकडं. मी दिला. त्यांनी कानाला लावला, बहिणीचं रडणं ओळखलं, आणि चेहरा एकदम गंभीर झाला.

"नागू," म्हणाले, "कोण गेलं गं?"

पलीकडं फोन पडल्याचा आवाज आला. मग आरडाओरडा, मग नागोजींचा आवाज. आप्पांना ते काय सांगत होते ते मला ऐकू आलं नाही. आप्पा बराच वेळ नुसते ऐकत होते. मधे एकदा डोळे मिटले. मी घाबरले, आता ह्या माणसाच्या काळजाला काही झालं तर? उद्या ऑपरेशन, आणि आज ह्यांना स्वतःच्या मयताची बातमी. मला त्या सगळ्या गावाचा असा राग आला की काय सांगू. एक फोन करायला काय झालतं? शेवटी आप्पा म्हणाले, म्हादूला दे. तिकडं फोन ह्यांच्या हातात गेला.

"गाऱ्हाणं घातलंस काय?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय अजून."

"मग बसलाईस कशाला? घाल आणि ये."

फोन माझ्याकडं देऊन आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले. मी विचारलं, काय झालतं? मिशी, एवढंच म्हणाले. मग मला तो मास्क कळला. दुपारभर ते तसेच पडून होते. मी दोनदा जवळ जाऊन श्वास चालू आहे का बघितलं, आणि दुसऱ्यांदा त्यांनी डोळे न उघडताच, हाय अजून, म्हणून सांगितलं.

तिकडं मयताला जमलेली सगळी माणसं तशीच उठून देवळात गेली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, भावकूच्या जिवाला सांभाळ म्हणून, आणि लाकडं आणणाऱ्या लोकांनी मागं उभं राहून त्याला होकार दिला. मग मालक घरात शिरले. आप्पांचा रेझर तरी घेऊन जाऊ, ब्लेडचं बघता येईल, म्हणून सोप्यातल्या भिंतीच्या कोनाड्यात हात घातला. रेझर होता, वाटी होती, आणि मागं रबर लावलेला ब्लेडच्या पाकिटांचा गठ्ठा. मष्णूच्या दुकानातली. ह्यांनी दर खेपेला नेलेली. आप्पा एकच ब्लेड काचेच्या पेल्यात आतनं घासून घासून महिने काढायचे आणि लेकानं आणलेलं नवं ठेवून द्यायचे. बेळगाव झालं, निपाणी झालं, बेंगळूरनं खोकं मागवून झालं, आणि ब्लेड सोप्यात होती. मालक तो गठ्ठा धरून तिथंच उभे होते. नागोजींनी दंड धरून त्यांना गाडीत बसवलं.

दिवेलागणीच्या आधी दवाखान्यात आले. मास्क होताच. आप्पा उशाला टेकून बसले होते, वाट बघत. पिशवीतनं आपला रेझर निघालेला बघितला, पण त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"काढ ते तोंडावरचं," म्हणाले.

मालकांनी मास्क काढला. आप्पा बघत राहिले. ज्या मिशीत लेकाला त्यांनी सगळं आयुष्य बघितलं ती नव्हती, आणि तो ओठ मला सुद्धा अनोळखी वाटत होता. आप्पांचा आवाज अगदी साधा होता.

"मी मेलो व्हय रं, म्हादू?"

मालक कोसळलेच. पलंगाच्या कडेला डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. नवा रेझर, आधी स्वतःवर करून बघणं, फोन वाजणं. मी मुद्दाम न्हाय काढली, आप्पा, हे परत परत म्हणत होते. माझ्या हातनं अपशकुन झाला, उद्याचं ऑपरेशन नको, पुढं ढकलू, मिशी येऊ दे मग करू. माझ्यापुढं कधी रडले नव्हते, सगळ्या वॉर्डासमोर रडत होते. मला वाटलं, आप्पा आता ऑपरेशनला नकोच म्हणतील. म्हाताऱ्या माणसाच्या मनात एकदा भरलं की संपलं. आणि डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, गाठ थांबणार नाही.

आप्पांनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ थोपटत राहिले. मग मला म्हणाले, पाणी घे वाटीत, गरम. मी आणलं. मालकांनी मष्णूच्या पाकिटातलं नवं ब्लेड आप्पांच्या रेझरला लावलं. दांडा आवळला, परत सैल करून परत आवळून बघितला. साबण लावला. आप्पा हनुवटी वर करून, डोळे मिटून बसले. एक गाल झाला, दुसरा झाला, गळा झाला. कुठं एक खरचटलं नाही. मालकांनी रेझर वाटीत बुडवला आणि झालं म्हणाले.

"झालं न्हाय," आप्पा म्हणाले. बोट मिशीवर ठेवलं. "ही बी काढ."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी आप्पांकडं. त्या पांढऱ्या मिशीबिगर त्या माणसाला मी लग्न होऊन आल्यापासनं बघितलं नव्हतं.

"काढ म्हटलं न्हवं," आप्पा म्हणाले. "दोघं बरोबरच वाढवू."

मालकांनी काढली. हळूहळू, एकेक बाजू. पांढरे केस टॉवेलवर पडत होते आणि मालक खालचा ओठ दातात धरून काम करत होते. मी तोंड फिरवून खिडकीतनं बाहेर बघत उभी राहिले, कारण मला रडायचं होतं आणि आप्पांना ते चाललं नसतं. झाल्यावर आप्पांनी तुरटी मागितली, ओठावरनं फिरवली, आरसा मागितला. बराच वेळ बघून म्हणाले, आमच्या आईसारखा दिसतोय.

सकाळी त्यांना आत नेलं. दोघांचे ओठ कोरे बघून स्ट्रेचर ढकलणारा माणूस कन्नडमधनं विचारत होता की घरात कुणी वारलं काय. मी त्याला असं उत्तर दिलं की तो खाली मान घालून स्ट्रेचर ढकलायला लागला. नागोजी, नागुबाई, रवळू, सगळे टेम्पो करून आले होते आणि बाकावर बसले होते. रवळू माझ्या नजरेला नजर देत नव्हता. दार बंद झालं ते उघडेचना. मालक त्या दारासमोर उभे होते, बसा म्हटलं तर ऐकत नव्हते. कुणी परिचारिका बाहेर आली की त्यांचा हात ओठाकडं जायचा, तिथं काही नाही हे आठवायचं, परत खाली यायचा. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मग डॉक्टर आले. गाठ काढली म्हणाले. शुद्धीवर येऊ दे, दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येत नाही. म्हणजे काळजी संपली नव्हतीच. ते दोन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

तिसऱ्या दिवशी मालकांना एकट्याला आत सोडलं, मी काचेतनं बघत होते. आप्पांच्या नाकातोंडात नळ्या, बोलता येत नव्हतं. डोळे उघडे होते. लेकाला बघितलं आणि मोकळा हात कसाबसा उचलला. मला वाटलं, पाणी मागताहेत. मालक खाली वाकले. आप्पांनी बोट लेकाच्या ओठावर टेकवलं आणि हळूच फिरवलं, खरखरतंय का बघायला. मग तेच बोट नळीच्या वरनं स्वतःच्या ओठावर नेलं. दोघांच्याही ओठावर खुंट आले होते.